अर्धी शिक्षा

जुबेदा आपा गेल्याचं कळलं तेव्हा मी रिसोडच्या आमच्या वसतिगृहात मुलींचे सुट्टीचे अर्ज तपासत बसले होते. फोन मुमताजभाभींचा होता, आपांच्या भावजयीचा. "इंदू, आपा गेल्या गं... सकाळी नमाजले उठल्या, अन् मंग बसल्या जागीच..." त्यांच्या घराला लागूनच गाद्या-रजयांचं दुकान आहे, आणि एरवी त्यांचा फोन आला की मागून शिलाई मशीनचा आवाज येतो. तो येत नव्हता. मी फोन ठेवला आणि समोरच्या अर्जावर सही केली. मग दुसऱ्यावर केली, तिसऱ्यावर केली. नंतर कळलं की मी त्या दिवशी झाडून सगळे अर्ज मंजूर केले होते, त्यात एकीने सुट्टीचं कारण ‘काकाची म्हैस व्यायली’ असं लिहिलं होतं तेसुद्धा. आपा असत्या तर म्हणाल्या असत्या, "जाऊ दे न, खरं तरी लिवलं तिनं."

वाशिमला पोचेपर्यंत माणसं त्यांना घेऊन गेली होती. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात मीही बसले. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. भाभी म्हणाल्या, "लय याद करत होत्या तुही. इंदू काहून येऊन नाही राह्यली, म्हणून चार खेपा विचारलं." मी का येत नव्हते हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका फोनमुळे एका मुलीचं शिक्षण सुटलं होतं. ही चूक आपांना माझ्या तोंडानं सांगायची होती, आणि ती सांगण्याची हिंमत होत नाही म्हणून मी वाशिमला जाणंच कमी केलं होतं. आता सांगायला माणूसच उरलं नव्हतं. त्या खोलीत बसून मला रडू आलं ते आपांसाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे आजही मला सांगता येणार नाही.

आपा म्हणजे वाशिममधल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. पाटीवर ‘गृहपाल’ असं लिहिलेलं होतं, संस्थेची माणसं ‘रेक्टर मॅडम’ म्हणायची, पण मुलींच्या तोंडी कायम आपा. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. उंच, सडपातळ, डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे आणि भुवया अशा की एक वर गेली की अख्ख्या मजल्यावर सामसूम. मुलींचे विस्कटलेले केस त्यांना अजिबात खपत नसत. परीक्षेला निघालेल्या मुलीला दारात अडवून, वेळ होत असतानाही, वेणी पुन्हा घालायला लावत. कॅरममध्ये हरल्या की दोन दिवस त्या मुलीशी धड बोलत नसत. असं सगळं होतं. त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या, आणि तसं कुणी लिहिलं असतं तर त्यांनीच खोडून टाकलं असतं.

त्या वसतिगृहात मुली प्रवेश घेऊन येत. मी मात्र गुन्हा म्हणून आले. खरंच सांगते. माझं वय तेव्हा नऊ. आमचा तांडा मानोऱ्याकडचा. दिवाळी झाली की आई-बाबा ऊसतोडीला जायचे ते थेट उन्हाळ्यात परत यायचे. तोवर मी आजीजवळ राहायची, शाळेत जायची. त्या वर्षी पावसाळ्यात आजी गेली. मग प्रश्न उभा राहिला की पोरीला ठेवायचं कुठं. सोबत फडावर नेली की शाळा गेलीच, हे आमच्या तांड्यात प्रत्येक घराला माहीत होतं. परतलेली लेकरं पुन्हा शाळेत बसत नाहीत, लाजतात. माझी मोठी बहीण सविता तेव्हा वाशिमला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि आपांच्या वसतिगृहात राहत होती. ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी ती तांड्यावर आली, माझे दोन फ्रॉक आणि दप्तर एका पिशवीत कोंबलं आणि आईला म्हणाली, "माह्यासंग नेतो हिले. काही करीन." हे ‘काही’ म्हणजे वसतिगृहाच्या नियमावलीतला सगळ्यात मोठा गुन्हा होता. बाहेरच्या व्यक्तीला खोलीत ठेवलं तर मुलीचं नाव कमी करायचं, असं तिथं फाटकाच्या आतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

सविताने हिशेब असा केला की आपा संध्याकाळच्या नमाजला बसल्या असताना मला आत न्यायचं. आम्ही चपला हातात घेऊन त्यांच्या खोलीवरून गेलो. दार अर्धं उघडं होतं. आतली पाठमोरी आकृती वाकली, उठली, पुन्हा वाकली, आणि मला वाटलं आता या कधीच मागे वळणार नाहीत. पुढे पुष्कळ वर्षांनी मी त्यांना त्या संध्याकाळबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नमाजात डोये खाली असतेत बेटा, कान खाली नसतेत."

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत नीटसे लागत नाहीत. ते एखाद्या लांबलेल्या दुपारच्या झोपेसारखे आहेत. मी सविताच्या लोखंडी खाटेखाली राहत होते. खाटेवरून खाली सोडलेली चादर हे माझं दार, आणि ऊन त्या चादरीतून झिरपून आत यायचं, फिकट पिवळं. सकाळी मुली कॉलेजला गेल्या की वसतिगृह रिकामं व्हायचं आणि मग त्याचे स्वतःचे आवाज सुरू व्हायचे... टाकीत पडणारं पाणी, दोरीवरच्या ओल्या ओढण्या, स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज. मी पुस्तक उघडून पडलेली असायची आणि वाचता वाचता कधी डोळा लागला ते कळायचं नाही. जाग आली की सकाळ आहे की संध्याकाळ हे मी मुलींच्या पायांवरून ओळखायची. सकाळचे पाय घाईचे, संध्याकाळचे धुळीने भरलेले. खोलीतल्या बाकी दोघींना सगळं ठाऊक होतं आणि त्या मला पेरू आणून द्यायच्या. कधी कधी दारासमोरून काळ्या चपलांमधले गोरे, नीट नखं कापलेले पाय जायचे. ते आपांचे. ते दारासमोर क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. हे खरंच घडत होतं की मी झोपेत पाहत होते, कोण जाणे.

सविताचं ताट खोलीत यायचं. ती ‘अभ्यास आहे’ म्हणून खोलीत जेवायची आणि आम्ही दोघी त्यात भागवायचो. पहिल्या आठवड्यात दोन भाकरी असायच्या, मग तीन यायला लागल्या. सविता म्हणाली, वाढणारी बाई चुकली असेल, बोलू नको. थंडी वाढली तेव्हा एक दिवस खाटेवर एक लहानशी रजई घडी करून ठेवलेली दिसली. कोऱ्या कापडाची, लाल फुलांची, आणि लांबीला एवढी कमी की सविताचे गुडघेसुद्धा झाकले नसते. सविता ती उलटी-सुलटी करून बघत राहिली. "कापड कमी पडलं असंन त्याईले," असं म्हणून तिने ती मला दिली. आम्हा दोघींना तेव्हा काहीच कळलं नाही. इतक्या मोठ्या मुलीला, नर्स होऊ घातलेल्या मुलीला कळू नये... पण भीती माणसाला तसं करते.

वसतिगृहाला रविवारची एक रीत होती, आणि ती आपांनी लावलेली होती. सकाळी नाश्ता झाला की सगळ्या मुली जेवणघरात गोल करून बसायच्या. मधे सुपं, पराती आणि आठवड्याचं धान्य. ज्वारी, तांदूळ, डाळ, सगळं निवडायचं असे. निवडता निवडता आपा म्हणायच्या, "हं, कोणाले काही सांगाचं हाय का?" मग आठवडाभरात जिनं जे केलं असेल ते तिनं सांगायचं. नियम असा होता की चूक आपल्या तोंडानं सांगितली तर शिक्षा अर्धी, दुसऱ्याच्या तोंडून बाहेर आली तर पूर्ण. पूर्ण म्हणजे दोन पायल्या धान्य एकटीनं निवडायचं, अर्धी म्हणजे एक. आणि त्या चुकीबद्दलचं अवाक्षरही जेवणघराच्या बाहेर, विशेषतः कुणाच्या घरी जायचं नाही. संस्थेच्या कागदावर ‘पालकांना कळवावे’ असं स्पष्ट होतं. आपांनी माझ्या माहितीत एकाही पालकाला कधी कळवलं नाही. त्या म्हणायच्या, "बापाले सांगनं सोपं हाय. पोरीले विचारनं कठीन."

आणि त्या विचारायच्या, हे महत्त्वाचं. फाटक सहाला बंद व्हायचं, कुणी सातला आली तर पहिला प्रश्न ‘उशीर का’ हा नसायचा, ‘कुठून आलीस’ हा असायचा. एका मुलीने इस्त्री उलटी करून तिच्यावर पापड भाजले आणि अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला. तिने रविवारी रडत रडत सांगितलं तर आपांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कसे झाले मंग पापड?" मुलगी हुंदके देत म्हणाली, "एका बाजूनं कच्चे राह्यले." सगळ्या हसून लोळल्या, पण एक पायली ज्वारी तिला निवडावी लागलीच. आणि आपा तिच्या समोर बसून निवडत होत्या. शिक्षा कुणाचीही असो, त्या समोर बसायच्याच. एकदा त्यांनी एका मुलीवर दुसरीचं घड्याळ घेतल्याचा आळ घेतला आणि घड्याळ गादीखाली सापडलं, तेव्हा पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी त्या स्वतःच म्हणाल्या, "माह्यी एक चूक हाय." आणि पदर खोचून एक पायली घेऊन बसल्या. ती मुलगी आज पन्नाशीला आली असेल. आपा गेल्या त्या दिवशी आतल्या खोलीत माझ्या शेजारी बसून हे तीच मला सांगत होती.

मी हे रविवार जेवणघराला लागून असलेल्या कोठीतून ऐकायची. रविवारी मुली दिवसभर खोल्यांमध्ये ये-जा करत, म्हणून सविता मला सकाळीच तिथं पोत्यांमागे बसवून ठेवायची. धान्याचा कोरडा, गोडसर वास, दाराच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी आणि पलीकडून एकेका मुलीचा आवाज... "आपा, माह्यं चुकलं." मग आपांचा प्रश्न, मग हसणं. मला ते सगळं फार सुंदर वाटायचं. चूक सांगितली की त्या मुलीचा आवाज बदलून जायचा, हलका व्हायचा. मला वाटायचं आपणही असंच हलकं व्हावं. माझ्या एकटीच्या पोटात केवढा मोठा गुन्हा होता! तीन रविवार मी पोत्यांमागे बसून मनातल्या मनात वाक्य जुळवलं. चौथ्या रविवारी मला वाटलं, आज.

त्या रविवारी संस्थेचे सचिव दोन माणसांना घेऊन पाहणीला आले होते, हे मला कोठीत बसून कळायचं कारण नव्हतं. नेहमीपेक्षा शांतता जास्त होती एवढंच जाणवलं. आपांनी विचारलं, "कोणाले काही सांगाचं हाय का?" तो प्रश्न आज त्यांनी फक्त पाहुण्यांना रीत दाखवायला विचारला असावा. मी दार ढकललं आणि उजेडात जाऊन उभी राहिले. सगळं धूसर दिसत होतं. मी एका दमात बोलून टाकलं, "मी इथली नाही. मी चोरून राहून राह्यली. माह्या तोंडानं सांगतलं, म्हणून अर्धी."

कुणी हसलं नाही. सुपातली ज्वारी खाली पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, ते सूप सविताचं होतं. तेव्हा मला खुर्चीवर बसलेली तीन माणसं दिसली. सचिव कडक होते, पण आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी मला गाव विचारलं, कुणाची ते विचारलं आणि मी, मूर्ख, सविताकडे बोट दाखवलं. मग ते आपांकडे वळले. "रेक्टर मॅडम, तुम्हाला हे माहीत होतं का?"

आपांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यांची संपली असती असं म्हणायला हवं, आमची नव्हे. सविताचं नाव त्याच दिवशी कमी झालं असतं, वसतिगृह सुटलं म्हणजे वाशिम सुटलं, वाशिम सुटलं म्हणजे नर्सिंग सुटलं, आणि आठ दिवसांत आम्ही दोघी बहिणी उसाच्या फडावर असतो. त्या पोरीनं फसवलं, मला काय ठाऊक... एवढंच वाक्य होतं. कुणालाही खरं वाटलं असतं. आपांनी हातातली परात खाली ठेवली आणि उभ्या राहिल्या. "हो. मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. पोरीनं मले इचारलं नव्हतं, पन मी तिले रोकलं बी नाही. रोकनं माह्यं काम होतं. चूक माह्यी हाय, साहेब. लिवून देतो." सचिवांनी पुन्हा विचारलं, नीट विचार करून बोला म्हणाले. त्या म्हणाल्या, "विचार एक महिना केला साहेब." आणि तिथंच, मुलींसमोर, त्यांनी लिहून दिलं.

पंधरा दिवसांत त्यांना काढण्यात आलं. सविता राहिली, कारण दोष मुलीचा नाही असं खुद्द गृहपालानेच लिहून दिलं होतं. सविता आज मानोऱ्याकडे नर्स आहे, तिची मुलगी यंदा बारावीला आहे. मला मात्र जायला जागा नव्हती. नोकरीच्या शेवटच्या दिवशी सामान आवरून फाटकातून निघताना आपांनी एका हातात ट्रंक घेतली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. "चल. तुही शिक्षा राह्यली हाय." असं म्हणून त्या मला आपल्या घरी घेऊन गेल्या, आणि मी त्या घरात सात हिवाळे राहिले.

त्या घराबद्दल किती लिहू... आपांचे वडील पिंजारी, भावाने दुकान सांभाळलेलं. मागच्या पडवीत कापूस पिंजायचं यंत्र होतं आणि ते सुरू झालं की घरभर कापूस तरंगायचा. उन्हाच्या तिरिपेत तो वर जायचा, थांबायचा, मग हळूहळू खाली यायचा, आमच्या केसांवर, वहीवर, वरणाच्या वाटीत. शाळेतून आले की मी विकायला ठेवलेल्या नव्या रजयांच्या ढिगावर चढून झोपायची आणि भाभी ओरडायच्या. आपा काही बोलायच्या नाहीत. त्या दाराशी बसून रजयांना टाके घालत असायच्या, एकेक लांब टाका, आणि गुणगुणायच्या. मला झोपेत वाटायचं की त्या मला पण शिवताहेत. वसतिगृहात त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. दुसऱ्या कुठल्या संस्थेने बोलावलं नाही. पण मोहल्ल्यातल्या मुली संध्याकाळी त्यांच्याकडे अभ्यासाला बसायच्या आणि रविवारी आमच्या पडवीत कापसातली सरकी वेचता वेचता, ज्यांना सांगायचं असेल त्या सांगायच्या.

दहावीत असताना मी धीर करून विचारलं, "आपा, त्या दिवशी मी उठली नसती त तुमचं काम राह्यलं असतं न?" हा प्रश्न मी सहा वर्षं पोटात घेऊन फिरत होते. त्यांनी टाका पूर्ण केला, दोरा दातांनी तोडला. "तुह्यं ऐकून मले लाज वाटली, बेटा. एवढ्याशा पोट्टीनं सांगून टाकलं, अन् मी महिनाभर चूप. तू नसती उठली त मीच कवातरी उठली असती... का नसती उठली, अल्ला जाने." मग हसल्या. "माह्या तोंडानं सांगतलं म्हणून माह्यं अर्धंच गेलं. सविताचं पूरं गेलं असतं." मी रडायला लागले तर म्हणाल्या, आधी केस नीट बांध.

एवढं सगळं ज्या मुलीने पाहिलं, तिने पुढे गृहपाल व्हावं यात नवल नाही. रिसोडच्या वसतिगृहात मला नोकरी लागली तेव्हा आपा स्वतः आल्या होत्या. खोल्या पाहिल्या, खाटांखाली वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी रविवारची बैठक सुरू करणार होते. खरंच करणार होते. पण आमच्याकडे जेवणाचा ठेका बाहेरचा, धान्य निवडायला येतच नाही. मुलींच्या हातात मोबाइल. अर्ज, हजेरी, बोटाचा ठसा. पहिलं वर्ष असंच गेलं, दुसरं गेलं. नियमावली मात्र मी अगदी चोख पाळत होते आणि त्याबद्दल माझं कौतुकही होत होतं.

शीतल जऊळक्याजवळच्या एका खेड्यातली, शेतमजुराची मुलगी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. शांत, पहाटे उठून मैदानावर पळायला जाणारी. एका शनिवारी ‘घरी जाते’ असा अर्ज देऊन ती गेली. संध्याकाळी सहज पडताळणीसाठी मी घरी फोन केला, तर ती घरी पोचलेलीच नव्हती. मी नियमाप्रमाणे वडिलांना सांगितलं की तुमची मुलगी खोटं कारण देऊन बाहेर गेली आहे. दोन मिनिटांचा फोन. रविवारी ती परत आली आणि ऑफिसच्या दारात उभी राहिली. "मॅडम, तुमाले एक सांगाचं होतं." मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हटलं, "उद्या वडील येणारेत, त्यांच्यासमोरच सांग." ती गेली. सोमवारी वडील आले, तिची पेटी उचलली आणि तिला घेऊन गेले. ती वाशिमला पोलीस भरतीच्या सरावाला गेली होती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून नंतर कळलं. घरी ते चालणार नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. सांगायलाच तर ती माझ्या दारात आली होती. रविवार होता तो.

त्यानंतर आपांच्या समोर जाऊन बसायला मला नको वाटायला लागलं. आठ महिन्यांपूर्वी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुह्या पोरी बसतेत का रविवारी?" मी म्हटलं, "हो आपा, बसतात न." त्यांना दिसत कमी झालं होतं. त्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं हाय." त्यांचे कान कधीच खाली नसायचे, हे मला एसटीत बसल्यावर आठवलं.

त्यांच्या चाळिसाव्याला मी वाशिमला गेले, आणि परतताना रिसोडची गाडी न घेता जऊळक्याची जीप घेतली. का, ते ठरवलेलं नव्हतं. सोयाबीन काढणीचे दिवस. शीतलचं घर विचारत गेले तर ती अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घालत होती, हात काळे पडलेले. वडील ओट्यावर बसले होते, ते मला ओळखून उठून उभे राहिले. मी बसले नाही. वाटेत जे जुळवलं होतं ते सगळं विसरले आणि उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, चूक तुमच्या मुलीची नव्हती, माझी होती. ती कुठं गेली होती हे मी विचारलं नाही आणि तुम्हाला फोन केला. ती सांगायला आली तर ऐकलं नाही. मग ती कुठं गेली होती ते सांगितलं. "तुमचा फोन आला तवा मी काय काय समजलो मॅडम," वडील म्हणाले. "मी बी नाही इचारलं तिले. दोन वर्सं झाली, मी बी नाही इचारलं."

शीतल हात झटकून उठली. मला वाटलं ती आत निघून जाईल, जायला हवं होतं. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जागा हाय का मॅडम हॉस्टेलात?"

आमच्याकडे अठ्ठेचाळीस जागा, आणि अठ्ठेचाळीस मुली. प्रवेश दोन महिन्यांपूर्वी बंद झालेले. मी म्हटलं, "हाय."

ती आता माझ्या खोलीत राहते. कॉलेजने तिला बहिःस्थ परीक्षेचा अर्ज भरू दिला आहे, आणि पहाटे ती मैदानावर जाते. संस्थेने विचारायच्या आत मीच लिहून दिलं आहे की एकोणपन्नासावी मुलगी आहे, नियमात बसत नाही, आणि ठेवणारी मी आहे. त्यावर काय उत्तर येईल ते येईल. गेल्या रविवारी बाजारातून धान्य आणलं, ठेकेदार हसला, हसू दे. मुली गोल करून बसल्या, कुजबुजत, एकमेकींना ढोसत. कुणी बोलायच्या आधी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, शीतलचं, फोनचं, आपांशी खोटं बोलले त्याचंही. मग अर्ध्या शिक्षेची रीत सांगितली आणि माझ्यासमोर एक पायली तांदूळ ओतून घेतले. शीतल उठली, पोत्याजवळ गेली आणि आणखी एक पायली भरून माझ्या परातीत ओतली.

"दोन वर्सं उशीर झाला मॅडम," ती म्हणाली. "पूरी."

मी मान डोलावली. ती माझ्या समोर येऊन बसली, परात दोघींच्या मधे ओढली आणि निवडायला लागली.